लावलेले आणि राखलेले





दरमहा या जागी आम्ही एखादा अभंग घेऊन बसतो आणि आमच्या कुवतीप्रमाणे त्याचे चार पदर उलगडून दाखवतो. या खेपेस अभंग नाही. या खेपेस निरूपणाला एक झाड घेतले आहे, आणि तेही आपल्याकडचे नव्हे. वड नव्हे, पिंपळ नव्हे, तुळस तर नव्हेच. परमुलखातले झाड, नाव चेरी. ज्याला फळ म्हणावे असे फळ नाही, ज्याच्या सावलीत कुणा संताने समाधी लावल्याची कथा नाही. तुम्ही म्हणाल, बुवांना वय झाले. झालेच आहे. पण ऐकून तर घ्या.

झाले असे की, 2024 सालच्या चैत्रात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्हांस आणि आमच्या घरच्या मंडळींस न्यूयॉर्क शहरी जावे लागले. त्या वर्षी आषाढी 17 जुलैला होती आणि आमचे परतीचे तिकीट ऑगस्टचे. म्हणजे वारी चुकणार हे निघतानाच ठरलेले. 2020 आणि 2021 या दोन वर्षी महामारीने पायी वारी बंद होती, ती सगळ्यांचीच. ती दोन वर्षे सोडली तर एकतीस वर्षांत आमचे पाऊल चुकले नव्हते. नातू झाला, सर्व सुखरूप पार पडले, पण आमचा जीव काही थाऱ्यावर येईना. घरची मंडळी म्हणाली, "नातवाचे तोंड पाहायला आलात आणि स्वतःचे तोंड एवढेसे करून बसलात, हे कसे हो?"

मग आम्ही आमच्या मनाची समजूत सावतोबांचे नाव घेऊन घातली. अरणचे सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, मळा हीच त्यांची पंढरी, वाफ्यात विठ्ठल उभा. शेवटी देवाचीच पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीस जाते. मग आमचे काय बिघडले? ही समजूत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पहाटे हरिपाठ म्हणताना मनात आले, अरे, सावतोबा पंढरीला गेले नाहीत हे खरे, पण ते मळ्यात होते, हातात खुरपे होते. तू कुठे आहेस? चौदाव्या मजल्यावर कोचावर. सावतोबांचे नाव घेऊन घरी बसणारे पुष्कळ झाले, त्यांत एकाची भर.

जावईबापूंनी ओळखले. म्हणाले, "बाबा, खाली चालत जा, बाग जवळ आहे. बसून बसून गुडघे धरतील." त्या बागेचे नाव सकुरा पार्क. सकुरा म्हणजे जपानी भाषेत चेरी. हडसन नदीच्या अंगाला, जनरल ग्रँट यांच्या समाधीजवळ ही लहानशी बाग आहे. तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. 1909 साली त्या शहराने हडसन आणि फुल्टन यांच्या स्मरणार्थ मोठा उत्सव केला. शहरात राहणाऱ्या जपानी मंडळींनी त्या निमित्ताने दोन हजारांवर चेरीची झाडे भेट द्यायचे ठरवले. झाडे जपानहून निघाली आणि वाटेत समुद्रात गेली. आपल्याकडे तुकोबारायांच्या वह्या बुडाल्या त्या तरून आल्या. ही झाडे बुडाली ती बुडालीच. पण देणाऱ्यांनी हात आखडला नाही. तितकीच झाडे पुन्हा पाठवली, ती 1912 साली पोचली आणि शहराच्या बागांतून लागली. पुढे 1960 साली न्यूयॉर्क आणि टोकियो ही भगिनी-नगरे झाली, तेव्हा टोकियोने या बागेला एक दगडी दीप दिला, तो तेथे उभा आहे.

आम्ही गेलो तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि दुहेरी पाकळ्यांची गुलाबी फुले भरात होती. काय सांगावे! पान दिसू नये इतके फूल. लोक थव्याने येत, झाडाखाली चटया टाकत, पोरे खांद्यावर घेऊन फांद्यांशी नेत, छायाचित्रे काढत. आठदहा दिवसांचा हा सोहळा. मग वारा सुटला, पाकळ्यांचा सडा पडला, तो तपकिरी झाला, आणि बाग ओस पडली. द्वादशीचे पारणे सोडून दिंड्या परतल्यावर पंढरीचे वाळवंट जसे दिसते ना, अगदी तसे. पत्रावळी नव्हत्या, कागदी पेले होते, एवढाच फरक.

आणि त्या ओस बागेत एका शनिवारी सकाळी सातआठ माणसे आली. हातांत मोजे, खुरपी, दाताळे, एक हातगाडी. पगारी नव्हेत हे त्यांच्या बोलण्याचालण्यावरूनच दिसत होते. कोणी विद्यार्थी, कोणी कचेरीतले, आणि पुढे एक सत्तरी ओलांडलेली बाई. फुले असताना आम्ही यांपैकी कुणास पाहिले नव्हते. आले असतील, गर्दीत दिसले नसतील. लेक बरोबर होती, तिच्या तोंडून आम्ही विचारले की ही झाडे फळ देत नाहीत, फुले सरली, लोक गेले, आता आपण काय करता? बाई हसली, तिने आम्हांस हाताला धरून झाडाच्या बुंध्याशी नेले आणि माती दाबून दाखवली. माती दगडासारखी. लेकीने सांगितले, "बाबा, त्या म्हणतात, फुलांवर प्रेम करणाऱ्यांच्या पायांनीच ही अशी झाली."

बंधूंनो, हे वाक्य आमच्या काळजात रुतले. झाडाचे अन्नपाणी घेणारी बारीक मुळे वरच्या वीतभर मातीत असतात. पाय पडून पडून माती घट्ट बसली की तिच्यातली हवा जाते, पाणी वरच्यावर वाहून जाते, आणि झाड वरून फुलत असताना खालून गुदमरते. कोणी कुऱ्हाड घातली नाही, कोणाचा वाईट हेतू नाही. सगळे दर्शनालाच आलेले.

त्या दिवशी त्यांनी माती हलक्या हाताने सैल केली आणि लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन चार बोटे जाडीचे पसरले. आम्हीही सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आम्ही आपले भाबडेपणाने सगळा ढीग बुंध्याशी रचू लागलो, वारुळासारखा. बाईने तो दोन्ही हातांनी मागे ओढला. बुंध्याला लागून ओल राहिली की साल कुजते, म्हणून बुंधा उघडा ठेवायचा आणि आळ्यात पसरायचे. माया करायची तीही चार बोटे अंतर राखून. पुढचे तीन महिने दर शनिवारी आम्ही गेलो. इंग्रजी आम्हांस बेतासबात येते, पण खुरप्याला भाषा लागत नाही.

काय काय पाहिले त्यातले थोडे सांगतो. शोभेची चेरी बहुधा कलमी असते. खुंट एका जातीचा, वर डोळा दुसऱ्या जातीचा. आता खुंटाचा स्वभाव असा की तो गप्प बसत नाही. कलमाच्या सांध्याखालून त्याचे फुटवे येतात, ते सरळ, तजेलदार, जोमाचे. पाहणाऱ्यास वाटावे, झाड कसे बाळसे धरते आहे. पण ते वाढू दिले तर सगळा रस तेच ओढतात, आणि वर ज्यासाठी कलम केले ती फांदी वाळते. काही वर्षांनी झाड जिवंत असते पण ते झाड उरत नाही. म्हणून फुटवा कोवळा असतानाच काढायचा, जुना झाला की घाव मोठा पडतो. आम्ही बसून बसून ते फुटवे काढत होतो आणि मनात आमचीच आठवण येत होती. गुरूंनी गळ्यात माळ घातली तो डोळा भरला. खालचा खुंट मात्र तोच जुना, भांडखोर, मानाचा भुकेला. कीर्तनाला गर्दी झाली की कोणता फुटवा तरारून येतो ते आम्हांस ठाऊक आहे, सांगत बसत नाही.

एका तरण्या झाडाशी बाई बराच वेळ गुडघ्यावर बसली होती. पाने लहान पडत होती, शेंडा सुकत होता, वरून कारण दिसेना. तिने बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरली तेव्हा दिसले, झाडाचीच एक मुळी बुंध्याला वेढा घालून बसली होती. रोप कुंडीत फार दिवस राहिले की मुळे गोल गोल फिरतात, आणि जमिनीत लावल्यावरही तो वळ जात नाही. बुंधा जाड होतो, मुळीही जाड होते, आणि झाड स्वतःच्याच मुळीने स्वतःचा गळा आवळते. ती मुळी जाणत्या माणसाने छिनीने हळू तोडली.

आणि आम्ही तेथेच मटकन बसलो. कारण ही कथा तर आमची! पैठणचे नाथमहाराज. ज्ञानोबा माउली त्यांच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीस आले, समाधीस्थानी गेले आणि मुळी दूर केली. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. सांगताना आमचा भर नेहमी चमत्कारावर. नाथांनी हात मातीत घातला, बोटांनी मुळी चाचपली, कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे ओळखले, हे कधी आम्ही सांगितले नाही, कारण आमच्या डोळ्यांसमोर ते कधी आलेच नाही. अजानवृक्षही राखला आणि कंठही मोकळा केला. आणि पहा, त्यानंतर नाथांनी काय केले? शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत हस्तलिखितांतून पदरचे शब्द, चुकीचे पाठ ग्रंथाला वेढून बसले होते, ते काढले. मुळीचेच काम ते, दुसऱ्या जागी. लिहिणारे माउली, राखणारे नाथ. आज आपल्या हाती जी ज्ञानेश्वरी आहे तीत राखणाऱ्याचा वाटा केवढा, याचा विचार आपण पारायणाला बसताना करतो का?

आता छाटणीविषयी एक सांगून पुढे जातो. ती कोणी करायची यावर तेथे बंधन आहे. 1975 च्या सुमारास त्या शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला होता, झाडांकडे पाहायला माणसे नव्हती. तेव्हा 1976 साली नागरिकांतून एक संस्था उभी राहिली, आज तिचे नाव ट्रीज न्यूयॉर्क. ती सामान्य माणसांना वर्ग घेऊन शिकवते, परीक्षा घेते, आणि उत्तीर्ण झालेल्याला शहराच्या झाडांची छाटणी करण्याचा परवाना मिळतो. तोही पाय जमिनीवर ठेवून हात पोचेल तेवढ्यापुरता. झाडावर चढायचे नाही. आम्हांस परवाना नव्हता, म्हणून सिकेटर आमच्या हाती कोणी दिला नाही. आम्हांस आधी थोडे लागले. गावी आमची आंब्याची कलमे आहेत म्हटले! पण मग पाहिले की फांदी कुठे कापावी याला शास्त्र आहे. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर वळी असते, ती राखून कापायचे. खोडाला घासून कापले तर वळी जाते, लांब खुंटी ठेवली तर ती कुजत आत जाते. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शायगो या वनशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. घाव आत तसाच राहतो, जन्मभर. म्हणून घाव घालणारा शहाणा हवा. नुसता उत्साह म्हणजे अधिकार नव्हे. व्यासपीठावर चढणाऱ्या आम्हां लोकांना हे कोणी विचारत नाही ते आमचे भाग्य.

गंमत म्हणजे जपानात याच्या उलट समजूत होती. चेरी कापील तो वेडा, अशी तेथे म्हणच आहे, कारण तिच्या घावात कीड-बुरशी लवकर शिरते. पण हिरोसाकी नावाच्या गावी, जेथे सफरचंदाच्या बागा फार, तेथल्या बागवानांनी सफरचंदाची छाटणी चेरीला लावून पाहिली, आणि ज्या जातीचे झाड एरवी पन्नाससाठ वर्षांत थकते ते शंभरी ओलांडूनही फुलते आहे. त्या बागेत 1882 साली लावलेले एक झाड अजून उभे आहे. त्या वेळी जुन्या सामुराईंना राग आला होता, किल्ल्यात फुलझाडे लावून जत्रा भरवता काय, म्हणून कित्येक रोपे त्यांनी उपटून टाकली. त्यातून हे वाचले.

पण सर्वांत मोठी कथा वॉशिंग्टनची, आणि ती सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. 1910 साली टोकियोहून त्या राजधानीसाठी दोन हजार झाडे आली. तपासली तो किडी आणि सूत्रकृमी भरलेले. इतर झाडांना लागण होईल म्हणून ती सगळीच्या सगळी जाळावी लागली. भेट म्हणून आलेली वस्तू पाहुण्याच्या डोळ्यांदेखत जाळायची! दुसरा कोणी असता तर वैर धरता. टोकियोचे नगराध्यक्ष ओझाकी युकिओ यांनी पुन्हा, निरोगी निपजवलेली 3020 झाडे पाठवली. 27 मार्च 1912 रोजी अध्यक्ष टॅफ्ट यांच्या पत्नी आणि जपानी राजदूतांच्या पत्नी या दोघींनी पहिली दोन झाडे लावली.

मग 1941 साल आले. डिसेंबरच्या 7 तारखेला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि 11 तारखेला त्या बागेतील चार चेरी कोणी तरी रागाने तोडलेली आढळली. झाडाने कोणाचे काय केले होते? पण राग हा पत्ता पाहत नाही. पुढे महायुद्ध संपले. ज्या अराकावा नदीकाठच्या राईतून या झाडांच्या डोळकाड्या मूळ घेतल्या होत्या, ती टोकियोची राई युद्धकाळात उजाड झाली होती. 1952 साली तिला पुन्हा उभी करण्यासाठी डोळकाड्या कोठून गेल्या? वॉशिंग्टनहून. दिलेले परत गेले. मधल्या काळात दोन देशांनी एकमेकांची माणसे मारली होती, आणि झाडे कोणी तरी पाणी घालून राखली होती. राखली होती म्हणूनच परत देता आली.

माउलींनी बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना झाडाचा दृष्टांत दिला आहे. ज्याने घाव घालायला हात उचलला आणि ज्याने हाताने लावले, त्या दोघांनाही झाड सारखीच सावली देते. आम्ही यावर कैक निरूपणे केली. पण सावलीपुरतेच बोलत आलो. ते झाड उभे राहिले तर सावली देईल ना?

आता आमचे पाप सांगतो. इतका वेळ परमुलखातले बोललो ते हे सांगण्याचे धैर्य गोळा करण्यासाठी. 2022 साली दोन वर्षांच्या खंडानंतर वारी पायी निघाली. काय तो आनंद! पालखी मार्ग रुंद झाल्याने वाट प्रशस्त झाली होती, पण वाटेवरचे जुने वड गेले होते, आणि ऊन सरळ टाळूवर. आम्ही दिंडीत उभे राहून बोललो, तुकोबारायांनी झाडांना सोयरे म्हटले, आपण सोयरे जोडू या. एका विसाव्याच्या माळावर एक्कावन्न रोपे लावली. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज. प्रत्येक रोपाला अष्टगंध लावला, टाळमृदंगाच्या गजरात माती लोटली, छायाचित्रे निघाली. आमचे छायाचित्र या मासिकातही छापून आले, जुने अंक काढून पहा. पुढच्या वर्षी, 2023 साली, त्याच माळावर पोचलो तर सहा जिवंत. पंचेचाळीस ठिकाणी काटक्या, काही ठिकाणी तेही नाही. शेळ्यांनी खाल्ली म्हणावे तर शेळ्यांना आम्ही आळंदीहून निघताना विचारले नव्हते. वैशाखाचे ऊन असते हे आम्हांस ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! दिंडीतले कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. त्या वर्षी पुन्हा पंचवीस लावली.

हे मनात घेऊन आम्ही त्या परक्या बागेत ढलप्या पसरत होतो. बाईने एकदा लेकीकरवी विचारले, तुम्ही तुमच्याकडे झाडे लावता का? आम्ही होय म्हणालो. तिने विचारले, मग आता त्यांना पाणी कोण घालते? लेकीने भाषांतर करायचे टाळले. पण एवढे इंग्रजी आम्हांस येते.

17 जुलै, आषाढी एकादशी, बुधवार. इकडे चंद्रभागेला पूर लोटला असेल माणसांचा. तिकडे उन्हाचा कहर. शनिवारची मंडळी नव्हती. तिसऱ्या प्रहरी आम्ही नामस्मरण करीत बागेत गेलो तर बाई एकटीच, दोन नव्या झाडांशी. नव्या झाडाला पहिली काही वर्षे उन्हाळ्यात आठवड्याला साठसत्तर लिटर पाणी लागते, तेही सावकाश मुरेल असे. रबरी नळी पोचत नव्हती, म्हणून ती बादली अर्धी भरून आणत होती, कारण भरलेली उचलत नव्हती. आम्ही बादली घेतली. एका झाडाला सहासात खेपा. उपास होता, पायांत पेटके येत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला आमच्या तोंडून आपोआप ज्ञानबा-तुकाराम सुरू झाले आणि पाय त्या ठेक्यावर पडू लागले. बाईला अर्थ कळत नव्हता, पण ती मोकळी बादली घेऊन त्याच ठेक्यावर चालू लागली. दोन्ही झाडांना पाणी झाले तेव्हा आम्ही दगडी दिव्याजवळ बसलो आणि पश्चिमेकडे, नदीकडे तोंड करून हात जोडले. पंढरी त्या दिशेला नाही, पण त्या क्षणी दिशेचे भान राहिले नव्हते.

ऑगस्टात परत आलो. कार्तिकीला जाताना वाट वाकडी करून त्या माळावर गेलो. पहिल्या वर्षीची सहा आणि दुसऱ्या वर्षीची तीन, मिळून नऊ झाडे उभी होती. एका पिंपळाला कोणी पोत्याचे कुंपण केले होते. चौकशी केली तेव्हा जवळच्या वाडीवरच्या एका म्हाताऱ्या आजींचे नाव निघाले. त्या वारीला कधी आलेल्या नाहीत, गुरे राखतात. आम्ही त्यांच्या पाया पडलो तर त्या संकोचून म्हणाल्या, "महाराज, तुमचीच झाडं हायती, मी नुसतं ढोरांस्नी हाकलते."

त्यानंतर आमच्या दिंडीने नवे रोप एकही लावलेले नाही. नऊ झाडांना आळी केली, आच्छादन घातले, बुंधे उघडे ठेवले. वाडीवरच्या एका शेतकऱ्याने विहिरीचे पाणी देऊ केले आहे. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत दर एकादशीला दोघांनी जायचे, नवाही झाडांना पोटभर पाणी द्यायचे आणि मग फराळ करायचा, असे ठरले आहे. माघापर्यंतच्या पाळ्या भरल्या. फाल्गुन वद्य आमच्याकडे आहे. चैत्र आणि वैशाख, दोन्ही पक्षांच्या मिळून चार एकादशा, त्यांना अजून कोणी नाव दिलेले नाही, आणि ऊन त्याच वेळी असते. ज्यांचे गाव तेथून जवळ असेल त्यांनी दिंडीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे. बादल्या विहिरीवर ठेवल्या आहेत.